केबल, चल यंत्रांची

एका जागी पक्के न बसविलेल्या, काम करीत असतानाच पुढेमागे सरकणाऱ्या, फिरणाऱ्या अथवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी ओढून नेल्या जाणाऱ्या यंत्रांना विद्युत् शक्ती पुरविणारी लवचिक केबल. उत्खनन यंत्रे, याऱ्या, कोळशाचे ढीग रचणारी व उचलणारी यंत्रे, खाणीतील पंप व छिद्रण यंत्रे, हलविता येणारे पट्टावाहक, स्वयंचलित यांत्रिक हत्यारे इत्यादींसाठी ती वापरतात. भिंतीवर, नळीत किंवा जमिनीखाली टाकलेली केबल एकदा बसविल्यावर हलत नाही. उलट चल यंत्राची केबल रोज वाकते, पिळली जाते, ताणली जाते, दगडमातीवरून घासली जाते आणि कधी वाहनाच्या चाकाखालीही सापडते. यंत्राच्या सर्व विद्युत् सामग्रीत हा सर्वांत लवकर झिजणारा भाग असून तिच्या अगदी जवळ माणसांचा सतत वावर असतो. त्यामुळे अशा केबलीचे रक्षण, जोडणी व परीक्षण यांना साध्या केबलींच्या मानाने अधिक महत्त्व आहे.

केबलीतील शक्तिवाहक तार तुटली, तर यंत्र थांबते आणि दोष लगेच कळतो. यंत्राचा लोखंडी सांगाडा जमिनीशी जोडणारी भूसंपर्क तार तुटली, तर यंत्र पूर्वीप्रमाणेच चालू राहते व दोष कळत नाही. तो कळतो तो बहुधा निरोधन बिघडून सांगाड्यात विद्युत् दाब आल्यावर व त्याला कोणाचा तरी स्पर्श झाल्यावर. या प्रकारच्या केबलींसंबंधीचे बहुतेक नियम, जोडणीच्या पद्धती व कसोट्या ही न कळणारी तूट टाळण्याच्या किंवा वेळीच उघडकीस आणण्याच्या हेतूने ठरविलेल्या आहेत.

उपयोगाची क्षेत्रे : महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यात (हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला) व त्याच्या लगतच्या भागात चल यंत्रांच्या केबलींचे लहानमोठे बहुतेक प्रकार आढळतात. जिल्ह्यातील तिरोडा येथील औष्णिक विद्युत् केंद्रात प्रत्येकी ६६० मेगॅवॉटचे पाच संच असून (एकूण ३,३०० मेगॅवॉट) ते २०१२ ते २०१४ या काळात कार्यान्वित झाले. एवढ्या क्षमतेच्या केंद्रात रेल्वेने येणारा कोळसा उतरवून घेणे, त्याचे ढीग रचणे व ढिगातून तो पुन्हा उचलून पट्टावाहकांवर घालणे ही कामे अखंड चालू ठेवावी लागतात. ढीग रचणारी व उचलणारी यंत्रे रुळांवरून शेकडो मीटर मागेपुढे सरकतात व त्यांना रिळावर गुंडाळल्या जाणाऱ्या उच्च दाबाच्या केबलींतून शक्ती मिळते. जिल्ह्याचा जुना व सर्वत्र पसरलेला उद्योग भातगिरण्यांचा आहे. गिरणीतील मुख्य यंत्रे स्थिर असली, तरी गोदामात पोती रचणारे व मालमोटारीत चढविणारे पट्टावाहक चाकांवरचे असतात आणि त्यांच्या केबली फरशीवरून ओढल्या जातात. तळी व नाले यांवरील पंपसंच पाण्याची पातळी उतरेल तसे हलवावे लागतात.

शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग आणि मध्य प्रदेशातील बालाघाटजवळील भरवेली येथे मँगनिजाच्या खाणी आहेत. त्यांपैकी चिखला व भरवेली येथे भूमिगत आणि डोंगरी बुजुर्ग येथे उघड्या पद्धतीने खाणकाम चालते. नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांतील उघड्या कोळसा खाणींत विजेवर चालणारी मोठी उत्खनन यंत्रे ३.३ किंवा ६.६ किलोव्होल्ट दाबावर चालवितात. यंत्र जसजसे पुढे सरकते तसतशी त्याच्यामागे जमिनीवर पडलेली जाड केबल ओढली जाते. या प्रदेशातील हवामानही केबलीची कसोटी पाहणारे आहे. मे महिन्यात तापमान ४५° से.च्या आसपास जाते व उन्हात पडलेल्या काळ्या आवरणाचे तापमान त्याहून पुष्कळच अधिक असते, तर पावसाळ्यात (गोंदिया जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान १,२०० मिमी.हून अधिक आहे) केबल महिनोन् महिने चिखलात व पाण्यात राहते.

ऐतिहासिक आढावा : चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये रबराच्या व्हल्कनीकरणाचा शोध लावल्यामुळे उष्णतेने न चिकटणारे व थंडीत ठिसूळ न होणारे लवचिक निरोधक द्रव्य उपलब्ध झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यूरोप व अमेरिका येथील खाणींत विजेवर चालणारी कोळसा कापण्याची यंत्रे आली, तेव्हा त्यांच्यामागे ओढण्यासाठी रबरी निरोधनाच्या केबली वापरात आल्या. नैसर्गिक रबर तेलाने फुगते, ऊन व ओझोन यांमुळे त्याला भेगा पडतात आणि ते सहज पेट घेते. १९३० नंतर अमेरिकेत तयार होऊ लागलेल्या निओप्रीन या कृत्रिम रबरामुळे हे दोष बऱ्याच अंशी दूर झाले व बाहेरील आवरणासाठी ते सर्वत्र रूढ झाले. पुढे निरोधनासाठी एथिलीन-प्रोपिलीन रबर वापरात आल्यावर संवाहकाचे अनुज्ञेय तापमान नैसर्गिक रबराच्या ६०° से.वरून ९०° से.पर्यंत वाढविता आले. १९५० नंतरच्या दशकात जर्मनीत केबली वाहून नेणारी दुव्यांची साखळी प्रचारात आली व यांत्रिक हत्यारांच्या केबलींना तिच्यामुळे नियंत्रित मार्ग मिळाला. त्याच दशकात मुंबई व पुणे येथे केबलींचे कारखाने निघाले.

रचना : लवचिकपणा हा संवाहकाच्या रचनेतून येतो. स्थिर केबलीत थोड्या जाड तारा असतात, तर लवचिक केबलीचा संवाहक केसासारख्या बारीक तांब्याच्या शेकडो तारा पिळून बनवितात. उदा., १६ चौ.मिमी. छेदाच्या लवचिक संवाहकात ०.४ मिमी. व्यासाच्या सु. १२६ तारा असतात. वाकविताना तारेच्या पृष्ठावर पडणारी विकृती तिच्या व्यासाच्या प्रमाणात असल्यामुळे तार जितकी बारीक तितकी ती अधिक वेळा वाकविता येते. या तारांवर कथिलाचा मुलामा दिलेला असला, तर रबरातील गंधकाचा तांब्यावर परिणाम होत नाही व जोड देणे सोपे जाते. भारतीय मानकांपैकी आयएस ८१३० मध्ये संवाहकांचे लवचिकपणानुसार वर्ग दिलेले आहेत. रबरी निरोधनाच्या लवचिक केबलींसाठी आयएस ९९६८ व खाणींतील केबलींसाठी आयएस १४४९४ ही मानके आहेत.

निरोधित तारा (गाभे) एकमेकींभोवती पिळून त्यांवर आवरण चढवितात. पीळ असल्यामुळे केबल वाकली असता प्रत्येक गाभा आळीपाळीने वाकाच्या आतील व बाहेरील बाजूस येतो व कोणत्याही एकावर सतत ताण पडत नाही. मजबुतीसाठी आवरण दोन थरांचे करून मध्ये धाग्यांची वीण घालतात. खाणींतील केबलीत प्रत्येक शक्तिवाहक गाभ्याभोवती तांब्याच्या तारांच्या विणीचा अथवा अर्धवाहक रबराचा पडदा असतो व तो भूसंपर्क तारेशी जोडलेला असतो. केबलीत खिळा किंवा दगडाची धार घुसली, तर ती प्रथम या पडद्याला टेकते. त्यामुळे दोन शक्तिवाहक तारांमध्ये ठिणगी पडून स्फोट होण्यापूर्वीच जमिनीकडे प्रवाह वाहू लागतो व पुरवठा बंद पाडता येतो.

हालचालीच्या प्रकारानुसार केबलींचे पुढील प्रकार पडतात : (१) जमिनीवरून ओढली जाणारी केबल. हिचे आवरण जाड व घर्षणास टिकणारे असते. (२) रिळावर गुंडाळली जाणारी केबल. हिला ताण व पीळ अधिक सोसावा लागत असल्याने मध्यभागी ताण घेणारा दोर किंवा आवरणात विरुद्ध दिशांनी विणलेले धागे असतात. (३) झुलती केबल. यारीच्या तुळईखाली छोट्या चाकांच्या वाहकांवरून वळसे घेत लोंबणारी ही केबल बहुधा चपटी असते, कारण चपटी केबल एकाच प्रतलात वाकते व पिळली जात नाही. (४) साखळीतील केबल. यांत्रिक हत्यारांत ती लाखो वेळा एकाच त्रिज्येने वाकते.

रक्षण : (अ) वाकाची त्रिज्या : केबल किती लहान त्रिज्येत वाकू द्यावी हे तिच्या बाह्य व्यासाच्या पटीत सांगतात. स्थिर बसविलेल्या केबलीपेक्षा सतत हलणाऱ्या केबलीला ही पट मोठी लागते, म्हणून रीळ, कप्पी व साखळी यांची निवड केबलीवरून करावी लागते. रीळ लहान आहे म्हणून केबल घट्ट गुंडाळणे हे तारा अकाली तुटण्याचे नेहमीचे कारण आहे.

(आ) ताण : लवचिक केबलीतील तांब्यावर दर चौ.मिमी.ला १५ न्यूटनपेक्षा अधिक ताण येऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे व त्यात भूसंपर्क तारेचे तांबे जमेस धरीत नाहीत. ३५ चौ.मिमी.च्या तीन शक्तिवाहक तारा असलेल्या केबलीला यानुसार सु. १,५७५ न्यूटन म्हणजे सु. १६० किग्रॅ. भाराएवढा ताण चालतो. अशा केबलीचे वजन मीटरला २.५ किग्रॅ. व जमिनीशी घर्षणाचा गुणांक ०.६ धरला, तर १०० मी. लांबी ओढण्यास सु. १५० किग्रॅ. एवढी ओढ लागते, म्हणजे मर्यादा जवळजवळ गाठली जाते. केबल चिखलात रुतली किंवा दगडाला अडकली, तर ओढ याहून वाढते. म्हणून लांब केबल एका टोकाने न ओढता मध्ये ठिकठिकाणी उचलून नेतात किंवा वळसे घालून ठेवतात. रुळांवरील यंत्राला केबलीचे स्थिर टोक शक्यतो मार्गाच्या मध्यावर देतात. असे केल्याने रिळावर मार्गाच्या निम्म्याच लांबीची केबल लागते.

(इ) तापमान : रिळावर गुंडाळलेल्या केबलीतील उष्णता बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे मोकळ्या हवेतील प्रवाहक्षमतेच्या मानाने रिळावर एक थर असता सु. ८० टक्के, दोन थर असता ६१ टक्के, तीन थर असता ४९ टक्के व चार थर असता ४२ टक्के एवढाच प्रवाह नेता येतो. मोकळ्या हवेत १२० अँपिअर नेणारी केबल दोन थरांत गुंडाळलेली राहिली, तर तिच्यातून सु. ७३ अँपिअरच न्यावेत. गोदामात लांब केबलीचे बरेचसे वेटोळे तसेच ठेवून थोडी लांबी वापरण्याची पद्धत याच कारणाने घातक ठरते.

(ई) यांत्रिक इजा : खाणीतील वाहनमार्ग ओलांडताना केबल दोन खांबांवरून उंच नेतात, जमिनीत पुरलेल्या नळीतून घालतात किंवा तिच्या दोन्ही बाजूंना उतार असलेले लाकडी अथवा रबरी पूल ठेवतात. उच्च दाबाची केबल चालू असता ती हाताने उचलणे टाळतात आणि उचलावी लागल्यास निरोधक हातमोजे व निरोधित दांड्याचे आकडे वापरतात. भातगिरण्या व गोदामे येथे उंदीर व घुशी आवरण कुरतडतात, म्हणून काम संपल्यावर केबल फरशीवर न सोडता भिंतीवरील मोठ्या गोलाकार आधारावर टांगून ठेवणे हितावह असते.

(उ) विद्युत् संरक्षण : समजा, ४१५ व्होल्टच्या त्रिकला पुरवठ्यावर १०० मी. लांबीच्या केबलीने एक यंत्र चालते. शक्तिवाहक तारा ३५ चौ.मिमी.च्या (१०० मी.चा रोध सु. ०.०५५ ओहम) व भूसंपर्क तार १६ चौ.मिमी.ची (सु. ०.१२१ ओहम) आहे. चलित्रातील निरोधन फाटून एक शक्तिवाहक तार सांगाड्याला टेकली, तर रोहित्र व मुख्य वाहिन्या यांचा रोध धरूनही १,००० अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो आणि १०० अँपिअरची वितळतार वा मंडल खंडक अल्पावधीत पुरवठा तोडतो. या अवधीत सांगाड्यावर काही दाब असतोच. खरे संरक्षण मिळते ते पुरवठा त्वरित खंडित झाल्यामुळे. आता भूसंपर्क तार तुटलेली आहे असे मानले, तर यंत्राच्या चाकांतून वा तळातून ओल्या जमिनीत दहापंधरा अँपिअरच वाहतात. एवढ्याने वितळतार वितळत नाही, सांगाड्यावर सु. २४० व्होल्टपर्यंत दाब राहतो व यंत्र मात्र चालूच असते. माणसाच्या शरीराचा रोध १,५०० ओहम धरला, तर त्याच्यातून १६० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. ३० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह काही काळ टिकला, तरी तो प्राणघातक ठरू शकतो.

यावर दोन उपाय योजतात. पहिला, जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखणाऱ्या अभिचालित्राचा. जाणाऱ्या व परत येणाऱ्या प्रवाहांतील अल्पसा फरकही त्याला कळतो व ते मंडल खंडकाला चालना देते. दुसरा उपाय भूसंपर्क तारेवर सतत पहारा ठेवण्याचा. यासाठी केबलीत पायलट तार नावाची एक बारीक तार घालतात. यंत्राच्या टोकाशी ती एका डायोडामार्फत सांगाड्याला जोडतात आणि पुरवठ्याच्या टोकाकडून तिच्यात व भूसंपर्क तारेत कमी, निर्धोक दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडतात. डायोडामुळे तो एकाच दिशेने वाहतो व असा प्रवाह मिळत असेतोवरच अभिचालित्र यंत्राचा पुरवठा चालू राहू देते. दोहोंपैकी कोणतीही तार तुटली, तर प्रवाह थांबतो. केबल चेंगरून दोन्ही तारा मध्येच एकमेकींना टेकल्या, तर प्रवाह दोन्ही दिशांनी वाहू लागतो. दोन्ही बाबतींत पुरवठा बंद होतो. न कळणारी तूट अशा रीतीने यंत्र थांबविणारी, म्हणजे लगेच कळणारी, तूट बनते.

जोडणी : केबलीची टोके जोडताना ओढ संवाहकांवर येता कामा नये. ती आवरणाला घट्ट पकडणाऱ्या ग्लँडवर किंवा वेगळ्या पकडीवर यावी लागते. ग्लँडच्या तोंडाशी केबल एकदम काटकोनात वाकू नये म्हणून तेथे निमुळती रबरी नळी किंवा घंटेच्या आकाराचे तोंड ठेवतात. जोडपेटीच्या आत भूसंपर्क तार इतर तारांपेक्षा थोडी लांब व सैल ठेवतात. पकड निसटून केबल ओढली गेलीच, तर प्रथम शक्तिवाहक तारा तुटाव्यात व भूसंपर्क तार सर्वांत शेवटी तुटावी, हा त्यामागील हेतू असतो. प्लगाची रचनाही याच तत्त्वावर असते. भूसंपर्काची दांडी सर्वांत लांब असल्याने ती प्रथम जुळते व शेवटी सुटते. पायलटची दांडी सर्वांत आखूड असल्याने प्लग काढू लागताच ती प्रथम सुटते व शक्तीच्या दांड्या वेगळ्या होण्यापूर्वीच पुरवठा खंडित होतो.

संवाहकाच्या टोकाला लग (कारागिरांच्या बोलीत थिंबल) दाबून बसवितात. बारीक तारांवर डाख ओतला, तर तो केशाकर्षणाने आत चढतो व तेवढा भाग काठीसारखा ताठ होतो. मग कंपनांमुळे ताठ व लवचिक भागांच्या सीमेवर तारा एकेक करून तुटतात. म्हणून हलणाऱ्या टोकाला योग्य मापाच्या साच्याने दाबलेला लग अधिक भरवशाचा मानतात. साचा सैल असल्यास संपर्करोध वाढून जोड तापतो, फार घट्ट असल्यास तारा चिरडल्या जातात.

केबल मध्येच तुटल्यास किंवा तिला इजा झाल्यास नुसती चिकटपट्टी गुंडाळून काम भागविण्याची सवय सर्वत्र दिसते. तिच्या सांध्यातून पाणी शिरते व ते तारांच्या मधल्या पोकळीतून दूरवर पसरते. दुरुस्तीच्या योग्य पद्धतीत खराब भाग कापून काढतात. सर्व गाभ्यांचे जोड एकाच जागी न घेता पुढेमागे घेतात, म्हणजे जाडी एकदम वाढत नाही व दोन जोड एकमेकांना टेकत नाहीत. प्रत्येक गाभ्यावर मूळ जाडीएवढे कच्चे रबर गुंडाळतात, पडदा व भूसंपर्क तार अखंड करतात आणि वरून आवरणाचे रबर चढवून तो भाग तापविलेल्या साच्यात सु. १४०°–१५०° से. तापमानास दाबाखाली व्हल्कनीकृत करतात. असा जोड मूळ केबलीइतकाच लवचिक व जलरोधक होतो. प्रत्येक जोडाची नोंद ठेवणे आवश्यक असते, कारण जोडांची संख्या वाढत गेली की केबल बदलणेच सुरक्षित व काटकसरीचे ठरते.

केबल फार लांबविल्यासही अडचण येते. तिच्या रोधामुळे यंत्रापाशी दाब घटतो व चलित्राचे सुरुवातीचे परिपीडन (फिरविण्याची प्रेरणा) दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. दाब १० टक्क्यांनी घटला, तर परिपीडन सु. १९ टक्क्यांनी घटते. चलित्र मग सावकाश वेग घेते, जास्त काळ मोठा प्रवाह घेते आणि चलित्र व केबल दोन्ही तापतात.

परीक्षण : कारखान्यात नव्या केबलीच्या संवाहकाचा रोध, निरोधनाची व आवरणाची जाडी, रबराचे ताणबल व लांबण्याची क्षमता, उष्णतेत ठेवून कृत्रिम रीत्या जीर्ण केल्यानंतर त्यांत होणारी घट, तेल व ज्योत यांचा परिणाम इ. गुणधर्म तपासतात. यांच्या पद्धती आयएस १०८१० या मानकमालेत दिलेल्या आहेत. लवचिकपणाच्या एका कसोटीत केबल दोन कप्प्यांवरून घालून व टोकांना वजने टांगून पुढेमागे चालवितात. काही मानकांत अशा १५,००० फेऱ्यांनंतरही संवाहक अखंड व निरोधन शाबूत राहण्याची अट असते. १,१०० व्होल्टपर्यंतच्या केबलींना ३ किलोव्होल्टचा प्रत्यावर्ती दाब ५ मिनिटे देऊन पाहतात.

वापरातील केबलीची पहिली कसोटी डोळ्यांची व हातांची असते. पुरवठा बंद करून व तो चुकून चालू होणार नाही अशी कुलपाची व्यवस्था करून केबल पुसून घेतात आणि ती हातांतून सरकवीत चिरा, फुगवटे, मऊ पडलेले भाग व पीळ पडून झालेल्या गाठी शोधतात. भारतीय विद्युत् नियम, १९५६ मध्ये खाणीतील चल यंत्राच्या लवचिक केबलीची तपासणी यंत्र चालविण्यास अधिकृत केलेल्या व्यक्तीने प्रत्येक पाळीत किमान एकदा केली पाहिजे व सदोष केबल तात्काळ बदलली पाहिजे, असा दंडक होता. या नियमांची जागा पुढे केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २०१० च्या व त्यानंतर २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनी घेतली. खाणींतील सुरक्षेवर धनबाद येथे मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची देखरेख असते.

दुसरी कसोटी निरोधन रोधाची. मेगर या नावाने परिचित असलेल्या उपकरणाने (हे नाव इंग्लंडमध्ये १९०३ पासून व्यापारचिन्ह म्हणून वापरात आले) मध्यम दाबाच्या केबलीला ५०० व्होल्ट एकदिश दाब एक मिनिट देऊन प्रत्येक तार व जमीन यांमधील रोध मोजतात. हा रोध किमान एक मेगॅओहम असावा, असा जुन्या नियमांपासून चालत आलेला संकेत आहे. मात्र ही संपूर्ण मांडणीसाठीची किमान मर्यादा आहे. शंभर मीटरच्या सुस्थितीतील केबलीचा रोध याहून कितीतरी पटींनी अधिक असतो. निरोधन रोध लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो व तापमान वाढले की झपाट्याने घटतो. पावसाळ्यात टोकांवरील ओल्या धुळीमुळेही तो कमी दिसतो, म्हणून टोके पुसून कोरडी करून मग मापन करतात. एकाच मापनापेक्षा महिन्यामागून महिन्याच्या नोंदींची तुलना अधिक बोलकी ठरते. प्रत्येक वेळी शेकडो मेगॅओहम दाखविणारी केबल एकाएकी पाच मेगॅओहमवर आली, तर ती किमान मर्यादेच्या वर असूनही धोक्याच्या मार्गावर आहे असे समजावे.

तिसरी व सर्वांत महत्त्वाची कसोटी भूसंपर्क तारेच्या अखंडतेची. दिवा किंवा घंटी लावून केलेली साधी चाचणी येथे फसवी असते. वर उल्लेखिलेल्या १६ चौ.मिमी.च्या तारेतील १२६ पैकी १२० बारीक तारा एका ठिकाणी तुटल्या व सहाच उरल्या, तरी दिवा पूर्ण तेजाने पेटतो. नुसता रोध मोजूनही हा दोष सापडत नाही. तुटीची लांबी एक सेंमी. धरली, तर तिच्यामुळे वाढणारा रोध ओहमच्या काही दशसहस्रांशांइतकाच असतो व १०० मी.च्या एकूण रोधात तो लोपून जातो. परंतु दोषाच्या वेळी हजार अँपिअर वाहू लागले की या सहा तारा क्षणार्धात वितळतात व वितळतारेने पुरवठा तोडण्यापूर्वीच भूसंपर्क नाहीसा होण्याचा संभव असतो. म्हणून तारेतून कमी दाबाचा मोठा प्रवाह काही वेळ सोडतात आणि केबल थोड्या थोड्या अंतरावर वाकवीत व पिळीत तिच्या दोन टोकांमधील दाबाकडे लक्ष ठेवतात. तुटलेल्या तारांची टोके वाकविताना क्षणभर वेगळी होतात व मापक थरथरतो. तूट असलेला भाग हाताला किंचित गरमही लागतो. यंत्राजवळचे व रिळाजवळचे काही मीटर अंतर या दृष्टीने विशेष काळजीने तपासतात, कारण बहुतेक वाक तेथेच पडतात.

केबलीतील दोषाची जागा लांबून शोधण्यासाठी विद्युत् स्पंदाचे परावर्तन उपयोगी पडते. केबलीत स्पंदाचा वेग मायक्रोसेकंदाला सु. १६० मी. असतो. सोडलेला स्पंद एक मायक्रोसेकंदाने परत आला, तर दोष सु. ८० मी.वर आहे असे समजते. उच्च दाबाच्या व रिळावरील लांब केबलींना ही पद्धत सोयीची आहे.

अलीकडील प्रवृत्ती : चल यंत्रांत चलित्राचा वेग बदलण्यासाठी इलेक्ट्रॉनीय परिवर्तक सर्रास वापरले जातात. त्यांच्या तीव्र स्पंदांमुळे निरोधनावर अधिक ताण येतो व शेजारच्या संदेशवाहक तारांत व्यत्यय येतो, म्हणून केबलीत सममित रचनेच्या भूसंपर्क तारा व संपूर्ण पडदा देतात. रिळावरील केबलीतच प्रकाशीय तंतू घालून नियंत्रणाचे संदेश नेण्याची पद्धतही रूढ झाली आहे. काही उपकरणे निरोधन रोध व पायलट मंडल यांची सतत नोंद घेऊन बिघाडाची पूर्वसूचना देतात. तथापि घासलेले आवरण, सैल ग्लँड किंवा पाण्यात पडलेला जोड प्रथम नजरेस येतो तो यंत्रावर काम करणाऱ्या व्यक्तीलाच. त्यामुळे प्रत्येक पाळीच्या आरंभी केबल पाहण्याची शिस्त व सदोष केबल बाजूला काढण्याचा तिचा अधिकार यांचे महत्त्व या उपकरणांमुळे कमी झालेले नाही.